ह्युस्टनच्या बायचं मॅग्नम रिव्हॉल्वर: हलकं घ्यायचं की भारी?

पत्र असं आहे (थोडं कापलंय, नाव गाव काढलंय):

"नमस्कार काका, मी मूळची डिचोलीची, लग्नानंतर अकरा वर्षं ह्युस्टनला, हॉस्पिटलात नर्स आहे, बहुतेक नाइट शिफ्ट. सध्या चवथीला घरी आलेय. मार्चमध्ये पहाटे ड्युटी सुटल्यावर पार्किंगमध्ये एक माणूस माझ्या मागोमाग गाडीपर्यंत आला. काही झालं नाही, पण तेव्हापासून झोप नीट लागत नाही. ग्रीन कार्ड मिळालंय, हत्यार चालवायचा क्लासही केला. मिस्टर म्हणतात स्मिथ अँड वेसनचं ३४० पीडी रिव्हॉल्वर घे, पर्समध्ये कळणारसुद्धा नाही एवढं हलकं. भाऊ म्हणतो रुगर घे. आणि मला दुकानात कोल्टचं किंग कोब्रा एवढं आवडलं की सांगायला लाज वाटते, दिसण्यावरून कोणी हत्यार घेतं का? माझे हात लहान आहेत. घरात दोन मुलं, चार आणि नऊ वर्षांची. शिवाय सत्तरी तालुक्यात आमची काजूची बागायत आहे, बाबांना वाटतं पुढच्या वेळी येताना त्यांनाही असंच एक आणावं. काय करू?"

बाय, झोप लागत नाही असं लिहिलंयस ते मला सगळ्यात आधी टोचलं, म्हणून आधी तेच विचारतो: हॉस्पिटलच्या सिक्युरिटीला हे सांगितलंस का? शिफ्ट सुटल्यावर गाडीपर्यंत सोबत चला असं गार्डला म्हणण्यात कमीपणा काही नाही. सुट्टी संपायची वाट बघू नको, इथूनच इमेल टाक. हे मी उगीच नाही म्हणत, कारण टेक्सासात हॉस्पिटलच्या आत हत्यार न्यायला सहसा कायद्याने मनाई आहे, लेखी परवानगी असेल तर गोष्ट वेगळी, पण नर्सला ती कोण देणार. म्हणजे बघ, ज्या पहाटेची तुला भीती वाटते त्या पहाटे दारापासून गाडीपर्यंत चालताना तुझ्याकडे रिव्हॉल्वर नसणारच, ते गाडीत कुलपात असणार. २०११ पासून तिकडे असाही कायदा आहे की कायदेशीर हत्यार बाळगणाऱ्या कर्मचाऱ्याला स्वतःच्या कुलूपबंद गाडीत ते ठेवायला बहुतेक मालक अडवू शकत नाहीत, त्यामुळे गाडीपर्यंत ठीक. पण मग पर्समध्ये कळणार नाही एवढं हलकं पाहिजे हा मिस्टरांचा मुद्दा कुठे उरला? आठवड्यातल्या कामाच्या दिवशी ते पर्समध्ये असणारच नाही.

(बाकी वाचकांसाठी मधेच एक. एच-वन-बी किंवा स्टुडंट व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने हत्यार काय आणि गोळी काय, जवळ बाळगताच येत नाही, शिकारीच्या लायसन्ससारखे थोडे अपवाद सोडले तर. टेक्सासात २०२१ पासून विनापरवाना हँडगन बाळगता येते असं ऐकून आपली पोरं दुकानात जातात, तो नियम त्यांच्यासाठी नाही. ग्रीन कार्ड असेल तरच पुढे वाचा.)

तर ३४० पीडी घेऊ नको. ते वाईट बनवलेलं आहे म्हणून नाही, उलट फार कसबाने बनवलंय, स्कँडियमच्या मिश्रधातूची फ्रेम, टायटॅनियमचा सिलेंडर (काडतुसं बसतात तो फिरणारा भाग), वजन ३३५ ग्रॅमच्या आसपास. पण काडतूस तेच, त्यातली दारू तीच. गोळी पुढे जाताना जो धक्का मागे येतो तो अंगावर घ्यायला हत्याराचं वजन जितकं कमी तितकी हाताला बसणारी ऊर्जा जास्त, सरळ व्यस्त प्रमाण. ३३५ ग्रॅमचं एक आणि ७९० ग्रॅमचं एक, दोन्हीत एकच .३५७ मॅग्नम काडतूस घाल (मॅग्नम म्हणजे जास्त जोराचं काडतूस, ते चालवणाऱ्या रिव्हॉल्वरलाही मॅग्नमच म्हणतात), हलक्यात हाताला सव्वादोन पटीहून जास्त बसतं. आजीच्या मागच्या पडवीतला कोयता आठव. भारी कोयत्याने नारळ एका घावात फुटतो, वजनच काम करतं, मनगट फक्त दिशा देतं. तोच नारळ पातळ हलक्या कोयत्याने फोडायला जा, झिणझिण्या थेट कोपरापर्यंत.

मी स्वतः ह्युस्टनला सतरा वर्षं काढली, आणि पहिलं घेतलं ते असंच अतिहलकं मॅग्नम, कुठल्या कंपनीचं ते जाऊ दे. सरावाच्या रेंजवर दुसरा सिलेंडर संपेपर्यंत अंगठ्याच्या बुडाचं कातडं सोललं होतं. कातडं आठ दिवसांत भरलं पण पुढे कितीतरी महिने ट्रिगर पूर्ण दाबायच्या आधीच माझा हात दचकायचा, नळी खाली जायची, गोळी कागदाच्याही खाली. ती दचक घालवायला मला अगदी सौम्य धक्क्याच्या .२२ वर परत पहिल्यापासून शिकावं लागलं. तुझ्यासारख्या नव्या माणसाला ही दचक एकदा बसली की ती रेंजवर जायचंच टाळते, आणि मग पर्समध्ये असतं ते न चालवलेलं हत्यार. अतिहलक्या रिव्हॉल्वरात अजून एक होतं, धक्क्याने बाकीच्या काडतुसांतली गोळी हळूहळू पुढे सरकते आणि फार सरकली तर सिलेंडर फिरायचाच थांबतो, ऐन वेळी.

मग मॅग्नम घ्यायचंच कशाला असं तू विचारशील. बरोबर आहे. त्याचं उत्तर काडतुसाच्या लांबीत आहे. .३५७ मॅग्नम आलं १९३५ साली, आणि ते जुन्या .३८ स्पेशलच्याच अंगाचं पण साधारण साडेतीन मिलिमीटर लांब केलेलं, मुद्दाम लांब केलेलं, म्हणजे कोणी चुकून ते जुन्या कमजोर .३८ च्या रिव्हॉल्वरात घालू नये. त्यामुळे .३५७ च्या रिव्हॉल्वरात दोन्ही चालतात, उलटं कधीच नाही. तू मॅग्नमचं स्टीलचं रिव्हॉल्वर घे आणि त्यात .३८ स्पेशल प्लस-पी (नेहमीच्या .३८ पेक्षा थोडी जास्त दाबाची) घाल, माझा सल्ला हाच. मॅग्नमच्या दाबासाठी घडवलेल्या फ्रेमला .३८ म्हणजे काहीच नाही, ते वर्षानुवर्षं चालतं आणि हाताला धक्का इतका कमी की तू एका बैठकीत पन्नास गोळ्या मारशील आणि परत पुढच्या शनिवारी जाशील. शिवाय दोन इंची नळीत मॅग्नमची सगळी दारू जळतच नाही, उरलेली नळीच्या तोंडाशी पेटते, अंधारात डोळ्यांपुढे मोठा भपका आणि कान बधिर करणारा आवाज, आणि वेग मिळतो तो पुस्तकात लिहिल्यापेक्षा बराच कमी. पहाटे पाचच्या काळोखात गाडीच्या बंद काचांच्या आत हे तुला नको आहे. एक लक्षात ठेव फक्त, .३८ खूप मारलीस की सिलेंडरच्या भोकात काजळीचं एक कडं धरतं, ते ब्रशने घासून काढायचं, नाहीतर एखाद दिवशी मॅग्नम घालायला गेलीस तर लांब काडतूस पूर्ण आत बसणार नाही.

आता एकेक.

भावाचं रुगर म्हणजे एसपी१०१ असणार. १९८९ पासूनचं मॉडेल, स्टेनलेस, पाच गोळ्या, सव्वादोन इंची नळीचं ७३५ ग्रॅमच्या आसपास आणि तीन इंचीचं ७९० च्या आसपास. ठोकळ्यासारखं दिसतं, आपल्या ट्रॉलरच्या इंजिनासारखं, पण बाजूला उघडणारी प्लेटच नाही त्यामुळे फ्रेम चहूबाजूंनी अखंड आणि फार भक्कम. नवं असताना ट्रिगर जड लागतो, तुझ्या लहान हाताला तर नक्की लागेल, वापरून वापरून मऊ होतो. ग्रिप बदलायला सोपी, आत नुसता एक दांडा असतो त्यावर पाहिजे त्या मापाची मूठ चढते, आणि लहान हातवाल्यांना हा फायदा फार मोठा आहे.

स्मिथमध्येच राहायचं असेल तर ६४० किंवा मॉडेल ६० बघ, दोन्ही स्टीलची, पाच गोळ्यांची, साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास. मॉडेल ६० ला मान आहे, १९६५ मध्ये आलेलं हे पहिलं स्टेनलेस रिव्हॉल्वर, तेव्हा .३८ मध्ये, .३५७ मध्ये ते १९९६ ला आलं. ६४० चा हॅमर (ट्रिगर ओढल्यावर आपटतो तो मागचा भाग) आत झाकलेला, कपड्यात काही अडकत नाही. लहान हाताला ही फ्रेम छान बसते, मिस्टरांना स्मिथचाच आग्रह असेल तर भांडू नको, तीन इंची मॉडेल ६० वर दोघं एकमत व्हा.

रुगरचंच एलसीआर, २०१० ला .३५७ मध्ये आलं, ट्रिगरचा भाग बसतो ते घर पॉलिमरचं, वजन ४८५ ग्रॅम. ट्रिगर मात्र सुंदर आहे, पहिल्यांदा दाबलं तेव्हा मला वाटलं काहीतरी निसटलंच. रोज अंगावर बाळगायचं असतं तर मी हे सुचवलं असतं, तेही फक्त .३८ घालून.

किंबरचं के६एस २०१६ चं. सहा गोळ्या असून सिलेंडर साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास जाड, कारण बाहेरून गोल न ठेवता चपट्या बाजू काढल्यात. ट्रिगर एकसारखा येतो, शेवटाला अचानक जड होत नाही. दोन इंचीचं वजन ६५० ग्रॅम, तीन इंचीचं ७१० च्या आसपास. सगळ्या बाजूंनी तोललं तर यादीत हे सगळ्यात शहाणं हत्यार आहे, महाग आहे एवढंच.

आणि तुझं किंग कोब्रा. कोल्टने २०१९ ला ते नव्याने आणलं, सहा गोळ्या, तीन इंची नळी, वजन ७९० ग्रॅमच्या जवळपास, नळीखाली टोकापर्यंत भरीव पट्टी त्यामुळे तोंड जड आणि उडी कमी. दोन इंची, हॅमर खुडलेलं 'कॅरी' पण आहे. हातात घेतल्यावर रेषा कशी नळीपासून मुठीपर्यंत वाहत जाते ते तू दुकानात बघितलंसच, मी काय सांगणार.

लाज कसली वाटते तुला? दिसण्यावरून हत्यार घेऊ नये असं म्हणणारे लोक मी रेंजवर पुष्कळ बघितले आणि त्यातल्या अर्ध्यांची हत्यारं कपाटात धूळ खात असतात. जी वस्तू डोळ्यांना आवडते ती माणूस हातात घेतो, पुसतो, तेल लावतो, सरावाला नेतो. आपल्याकडे घुमट वाजवणारा घुमटाकडे बघतोच ना, चामडं कसं ताणलंय, मडक्याचा आकार कसा आहे, तो काय फक्त आवाजासाठी बघतो? प्रेम बसल्याशिवाय हात बसत नाही. म्हणून माझं मत ऐक, हलकं आहे म्हणून घेऊ नको, देखणं आहे म्हणून घेतलंस तरी चालेल. योगायोगाने तुझं देखणंच भारी पण आहे.

अट एकच, बोट. किंग कोब्राची फ्रेम स्मिथच्या लहान फ्रेमपेक्षा मोठी आहे. दुकानदाराला रिकामं करून दाखवायला सांग, स्वतःही सिलेंडर उघडून बघ, मग त्याची परवानगी घेऊन नळी सुरक्षित दिशेला ठेवून एका हाताने ट्रिगर दहा वेळा पूर्ण ओढ. बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर नीट पोचायला हवं, त्यासाठी मूठ वाकडी करावी लागली तर ते हत्यार तुझं नाही, मग तीन इंची के६एस किंवा लहान मुठीचं एसपी१०१. दहाव्या वेळेला हात थरथरला तर घाबरू नको, ती ताकद महिनाभरात येते. पुढच्या माशीवर (नेम धरायच्या टोकावर) एक नाणं ठेवून, खोट्या काडतुसांवर, नाणं न पडता ट्रिगर ओढायचा, रोज रात्री दहा मिनिटं, खोलीत एकही खरी गोळी नाही याची खात्री करून.

तीन इंचाचा हट्ट का धरतोय तेही सांगतो. दोन इंचीत रिकामी केस (काडतुसाची पुंगळी) ढकलणारा दांडा आखूड असतो, मॅग्नमची लांब केस पूर्ण बाहेर येत नाही, नखाने काढत बसावं लागतं. तीन इंचीत तो लांब, एका दणक्यात सगळं खाली. नेम धरायलाही मागच्या पुढच्या माशीत अंतर जास्त. आणि लपवायला अवघड जाते ती मूठ, नळी नाही, पट्ट्याच्या आत एक इंच जास्त गेली तर कोणाला कळतं?

कंपनी बदलली की सिलेंडर उघडायची तऱ्हाही बदलते हे विसरू नको, स्मिथचं बटण पुढे ढकलायचं, कोल्टचं मागे ओढायचं, रुगरचं आणि किंबरचं आत दाबायचं. म्हणून दोघांनी दोन कंपन्यांची घेऊन अदलाबदल करू नका. हवेचं म्हणशील तर ह्युस्टन म्हणजे मे महिन्यातली पणजीच, घाम आणि दमट. स्टेनलेसला पण गंजाचे ठिपके धरतात, घरी आल्यावर तेलाच्या फडक्याने पूस आणि चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून ठेवून देऊ नको, चामडं ओल धरतं.

सुट्टीच्या दिवशी बाहेर नेशील तेव्हाही पर्समध्ये सुटं नको. पर्स आपण खुर्चीला लावतो, सोफ्यावर टाकतो, चार वर्षांचं पोर चॉकलेट शोधायला पहिला हात पर्समध्येच घालतं. रिव्हॉल्वरचा ट्रिगर जड असतो म्हणून मुलांना ओढता येत नाही असं दुकानात कोणी सांगेल, ऐकू नको, मुलं दोन्ही अंगठे लावतात. अंगावर, ट्रिगर पूर्ण झाकणाऱ्या होल्स्टरमध्ये, नाहीतर कुलपात, तिसरी जागा नाही. गाडीत सीटखाली केबलने बांधलेला स्टीलचा डबा, घरी बोटांच्या आकड्यांवर उघडणारा छोटा सेफ. आणि नऊ वर्षांच्या मुलाला तू स्वतः बसवून सांग, लपवून ठेवू नको, लपवलेलं मुलं शोधतातच.

आता बाबा. त्यांना प्रेमाने पण स्पष्ट नाही म्हण. आपल्याकडे साध्या माणसाला परदेशातून हँडगन आणायची वाट ऐंशीच्या दशकातच बंद झाली, नामवंत नेमबाजांसारखे थोडे अपवाद सोडले तर. मुलीने प्रेमाने आणलं हे विमानतळावर कोणी ऐकून घेत नाही. रिव्हॉल्वर पाहिजेच असेल तर उत्तर गोव्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, पोलिसांची चौकशी, कारण पटलं तर लायसन्स, आणि मग देशात बनलेलं .३२. त्यात आता चांगलं मिळतं, कानपूरचं प्रबल २०२३ ला आलं, ७६ मिलिमीटरची नळी, सातशे ग्रॅम वजन, सिलेंडर बाजूला उघडतो. त्याआधीचं निर्भीक २०१४ चं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, अर्ध्या किलोचं. .३२ चा धक्का सौम्य, सत्तर वर्षांच्या माणसालाही झेपेल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लायसन्स पाच वर्षांचं असतं आणि हत्यारं जास्तीत जास्त दोन, निवडणूक आली की पोलीस स्टेशनला जमा करायचा आदेश निघतो तो वेगळा, आणि बाहेर नेताना होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकून. पण बाबांना विचार, बागायतीत त्यांना भीती नेमकी कशाची? गव्याची असेल तर रिव्हॉल्वरचा काही उपयोग नाही, आणि तो आपला राज्यप्राणी, कायद्याने पूर्ण संरक्षित, त्याच्यावर चालवायचा विचारही नको. चोरांची असेल तर बागेतल्या घराला चांगला दिवा, दोन कुत्रे आणि रात्री एकटं न राहणं, हे मी त्यांना आधी सांगेन. चवथीची गडबड सरली की त्यांना फोंड्याला माझ्याकडे पाठव, अर्ज करायचा की नाही ते बसून बोलू.

आणि पुढच्या वर्षी येशील तेव्हा, सराव सुरू झालेला असेल तेव्हाचं सांगतोय, रेंजवर नेलेली बॅग किंवा पर्स प्रवासाला घेऊच नको. कप्प्यात राहून गेलेलं एक काडतूस, एकच, परत जाताना मोपाला किंवा दाबोळीला विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसलं की आर्म्स ॲक्टखाली गुन्हा. आपल्याजवळ आहे हे माहीत असल्याशिवाय ताबा धरता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने १९७२ मध्येच म्हटलंय आणि अशा बऱ्याच केसेस पुढे रद्दही होतात, पण तोवर विमान गेलेलं असतं, पोरं रडत असतात आणि तू पोलीस स्टेशनच्या बाकावर. बॅग वेगळी ठेव, तिच्यावर लाल रिबन बांध, आणि मिस्टरांच्या लॅपटॉप बॅगेचे कप्पेही निघायच्या आदल्या रात्री उलटे करून झटक.